चार बोटं फेस

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती रात्रीची रचली असती.

रात्र नव्हती. भर दुपार होती. गाव वाशिमजवळचं अनसिंग, साल १९५८, एप्रिल महिना. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होतं.

ज्यांच्या घरात हे घडलं ते उकंडराव म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. आम्ही त्यांना मोठे आबा म्हणायचो. शाळामास्तर होते. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, आणि खोटं बोलायला लागणारी कल्पनाशक्ती त्यांच्याकडे अजिबात नव्हती.

त्या वर्षी होळीनंतर त्यांची बायको वारली. गोजराबाई. तीन दिवसांचा ताप. वय बावीस.

तापाच्या पहिल्या दिवशी मोठे आबा तिला म्हणाले होते, "पांढरा सदरा धुऊन ठेव. मले उद्या वाशिमले बैठकीले जायचं हाय."

"आंग तपून राह्यलं जी. उद्या धुतो."

"उद्या? मंग मी का उघडा जाऊ?"

तिनं सदरा बादलीत भिजवला आणि जरा पडली.

उठलीच नाही.

तेरावं झालं. बादली न्हाणीत तशीच. त्यांच्या आईनं, सोजरबाईनं, तीनदा सांगितलं, "उकंडा, वास मारून राह्यला. फेक ते पाणी."

मोठे आबा हो म्हणायचे आणि शाळेत जायचे.

अशात नागपूरहून जगदेवसाहेब आले. रसायनशास्त्र शिकलेले. कपडे धुवायची नवी पावडर परदेशातून आली होती. ती पाण्यात गेल्यावर हळूहळू नाहीशी होते की तशीच राहते, हे त्यांना खेड्यातल्या पाण्यावर तपासायचं होतं. अक्षर चांगलं म्हणून काम मोठ्या आबांना दिलं.

पद्धत सोपी होती. बाटलीत स्वच्छ पाणी, चिमूटभर पावडर, आणि विरजण लावावं तसं चमचाभर गढूळ पाणी. त्या गढूळ पाण्यातले बारीक जीव पावडर खातात. रोज दुपारी बारा वाजता बाटली वीस वेळा हलवायची आणि फेस किती बोटं चढला ते वहीत लिहायचं. फेस उतरत गेला म्हणजे पावडर खाल्ली जाते आहे. पूर्ण उतरला की पुन्हा चिमूट घालायची.

"आन फेस उभाच राह्यला तं?" मोठ्या आबांनी विचारलं.

"तर आत कोणी नाही," साहेब म्हणाले.

चार बाटल्या होत्या. एकीला विहिरीचं विरजण, एकीला नाल्याचं, एकीला तळ्याचं. चौथीला साहेबांना घरात कपडे भिजवलेलं पाणी हवं होतं. गावातल्या बायका कपडे नाल्यावर न्यायच्या. घरात तसलं पाणी एकच होतं...

मोठ्या आबांनी त्या बादलीतलं चमचाभर घातलं.

पहिल्या दिवशी चारही बाटल्यांत चार बोटं फेस.

दुसऱ्या दिवशी तीन बाटल्यांत चार बोटं. चौथीत...

काहीच नाही. साधं पाणी.

मोठ्या आबांनी पुन्हा चिमूट घातली. दुसऱ्या दुपारी पुन्हा काही नाही. आणि दोरीवर त्यांचं धोतर ओलं.

"माय, धोतर तू धुतलं काय?"

"मी? माह्ये गुडघे पाह्य, मंग इचार."

त्यापुढच्या दिवशी फळा पुसायचं फडकं धुतलेलं निघालं. मग शेजारच्या मदनसिंगचा फेटा. तो फेटा तेव्हा डोक्यावरच होता, असं मदनसिंग शेवटपर्यंत सांगायचा.

मग साहेबांची वही. एकेक पान दोरीवर वाळत घातलेलं. स्वच्छ. शाईचा ठिपका नाही.

साहेब वाशिमला मुक्कामाला होते, तिथून आले.

"वही कोणी धुतली?"

"सुनेनं," सोजरबाई म्हणाली.

"बोलवा तिला."

"मेली ना जी ते."

साहेबांनी जरा विचार केला. "केव्हा?"

"होळी झाल्यावर."

"आणि वही?"

"काल."

साहेब विज्ञानाचे होते. त्यांनी स्वतः चौथ्या बाटलीत पावडर घातली, बूच लावलं, वर लाख वितळवून ओतली. बारा वाजता बाटली हलवून दोघं समोर बसले.

चार बोटं फेस.

आधी न्हाणीत बांगड्या वाजल्या...

मग थप्... थप्...

मग कोणीतरी दम खायला थांबलं.

फेस तीन बोटं झाला. दोन. एक. लाखेला तडा नव्हता.

साहेबांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. रुमाल पिळून काढल्यासारखा ओला.

ते दुपारच्याच मोटारीनं गेले. पावडरीचा पुडा घरातच राहिला.

मोठे आबा मात्र खूश होते. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बायको घरात आली होती, आणि पुडा भरलेला होता. तिला काम पडावं म्हणून ते मुद्दाम कपडे मळवायला लागले. शाळा सुटली की खडूच्या भुकटीत बसायचे. पोरांना वाटलं, मास्तर दुःखानं खचले. तसं खोटंही नव्हतं.

एका दुपारी त्यांनी धोतर टपटप गळत असतानाच हातात घेतलं.

ते गरम होतं.

दोरी सावलीत होती. पाण्याला चुलीवरच्या पाण्याची धग नव्हती. तापातल्या कपाळाला हात लावावा... तशी होती.

तेव्हा त्यांना कळलं. ती भेटायला आलेली नव्हती. त्यांनी सांगितलेलं काम करत होती. ताप अंगात घेऊन. हाताला लागेल ते धूत होती.

मोठे आबा न्हाणीत गेले. बादलीतला सदरा काढला आणि स्वतः धुतला. आयुष्यात पहिल्यांदा. दोन बटणं तुटली. पाणी ओतून दिलं. सदरा ओलाच अंगात घातला आणि बाटलीसमोर उभे राहिले.

"गोजरे, हे पाह्य. धुतला व मी. घातला बी." मग त्यांनी सदऱ्याची उरलेली बटणं लावली. "त्या दिशी काई बैठक झाली नाही. उगाच बोललो तुले. आता काई धुऊ नोको. नीज."

एकदा बांगडी वाजली...

मग नाही.

चिमूट घातली. दुसऱ्या दुपारी चार बोटं फेस. तिसऱ्या दुपारी चार बोटं.

नंतर रोज चार बोटं.

मोठे आबा २०११ साली गेले. तोवर त्यांनी एक दुपार चुकवली नाही. बाटली हलवायची, बोटं लावायची, "निजली" म्हणायचं. मग भिंतीकडे तोंड करून बसायचं. त्या वेळी त्यांना जेवायला कोणी बोलवत नसे.

आता बाटली माझ्याकडे आहे. दुसरं कोणी घेईना. मी ती ऑफिसात नेतो आणि बारा वाजता वीस वेळा हलवतो. सगळ्यांना वाटतं मी व्यायाम सुरू केला आहे.

परवापर्यंत चार बोटं होती.

काल तीन भरली.

बोटं जाड झाली असतील. दोन किलो वजन वाढलंय माझं.

पण निजलेल्या माणसाला आमच्या घरात पुन्हा कोणी काम सांगितलं... हे मी कालपासून एकेकाला विचारतो आहे.

कोणीच कबूल होत नाही.