कपाटावरून

ताईच्या पाळणाघराची वेबसाइट उघडली की ब्राउझर आधी ‘ही साइट सुरक्षित नाही’ असं बजावायचा. दुपारी निजलेली मुलं पालकांना ऑफिसातून तिथेच दिसत, दारावरच्या कॅमेऱ्यातून. त्या इशाऱ्याला घाबरून दोन घरांनी मुलं काढून घेतली होती. आणखी एखादं घर गेलं असतं, तर पाळणाघर बंदच करावं लागलं असतं.

“आज हे मार्गी लावल्याशिवाय मी हलत नाही,” धाकटा भाऊ म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसला.

साइटला सुरक्षा प्रमाणपत्र बसवायचं, एवढंच काम. त्याने साइटचा ‘https’ने सुरू होणारा सुरक्षित पत्ता टाकून पाहिला, तर भलतंच पान उघडलं. यात नवल नव्हतं. स्वस्तातल्या होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर ढीगभर साइट्सची बिऱ्हाडं असतात. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याचं दार वाजवलं, तर शेजारी ओ देतो.

नवल पुढे होतं. त्या पानावर एक अक्षर नव्हतं, नुसतं चालू चित्र. गाद्या, कान तुटलेला कापडी हत्ती, झोपलेली मुलं. ताईचंच पाळणाघर, पण कपाटावरून पाहिलेलं.

“कपाटावर दुसरा कॅमेरा लावलास का गं?”

“एकच मला धड चालवता येत नाही. दुसरा कशाला लावू?”

फोनवर ते पान उघडून तो आत गेला, स्टुलावर चढला. कपाटावर धूळ होती, मागे कोरी भिंत. त्याने फोनकडे पाहिलं. पडद्यावर त्याचाच चेहरा होता, अगदी जवळून. काचेवर कुणाचा श्वास पडावा तसा तो मधूनमधून धूसर होत होता.

तो घाबरला, चांगलाच घाबरला. मग त्याला रागही आला. ताईच्या मुलांकडे असं कोण बघत बसलंय? तो खाली उतरला आणि कामाला भिडला. साइट आपलीच आहे हे पटवून देणारी फाइल सांगितलेल्या फोल्डरमध्ये टाकली. नापास. पुन्हा टाकली. पुन्हा नापास. त्याने दात-ओठ खाऊन परत टाकली, आणि प्रमाणपत्र मिळालं.

पत्त्याशेजारी कुलूप दिसलं. आता ताईचंच पान उघडत होतं. ते दुसरं कुठेच नव्हतं.

“सुटले बाई एकदाची.” ताईने त्याच्या शेजारी बसूनच सगळ्या पालकांना मेसेज टाकला.

दोघं दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत राहिली.

मुलं गाढ झोपली होती. एक सोडून.

ताईखेरीज कुणाकडेही न जाणारी छोटी गादीवर उभी होती. तोंड कपाटाकडे, दोन्ही हात वर.

तिने मान कलती केली, गाल हवेतच टेकवला आणि डोळे मिटले.

ताईचा फोन वाजला. छोटीच्या आईचं उत्तर होतं: ‘आता नीट दिसतंय. नवीन बाई छान आहेत हो. लगेच गेली की ही त्यांच्याकडे.’