नऊ मिनिटं आधीचा सूर्य

सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी छतावर सूर्य उगवला आणि डंभारेजींनी चहाच्या कपावर बशी झाकली.

"उजाडलं की, आजोबा. घ्या ना चहा," परिचारिका करुणा म्हणाली.

"हा नाही उजाडला. खऱ्याले अजून नऊ मिनिटं आहेत."

करुणाने दारात उभ्या असलेल्या सुजाताकडे पाहिलं. गेले आठ दिवस हेच चाललं होतं. चहा गार, नाश्ता गार, सकाळची गोळी तशीच. करुणाने रोजच्या तक्त्यात 'वेळेचं भान' या रकान्यात फुली मारली. शुक्रवारी डॉक्टर बुटले हा तक्ता बघणार होते. फुल्या जास्त झाल्या की माणसाची रवानगी शांत कक्षात व्हायची. त्या कक्षाला बाहेरून कुलूप होतं आणि औषधं अशी की आठवडाभरात माणूस कसलीच तक्रार करत नसे. गेल्याच महिन्यात अनसूयाबाई तिकडे गेल्या होत्या.

शीतल निवास जमिनीखाली तीन मजले होता. चंद्रपूरचे उन्हाळे म्हाताऱ्या जिवांना सोसवेनासे झाल्यावर अशी घरं जागोजागी खोदली गेली. ऊन टळलं, पण आभाळही गेलं, म्हणून छतभर उजेडाचा पडदा बसवला. त्याला सगळे आभाळपट म्हणत. त्यावर रोज दिवस उगवायचा आणि मावळायचा, ऋतूप्रमाणे लहानमोठा व्हायचा. या आभाळाचं वर्षभराचं वेळापत्रक सुजाता रामटेके हिने बसवलं होतं आणि दिवाळीत निवास सुरू झाला तेव्हा तिचा सत्कारही झाला होता. आपल्या आभाळाला कोणी खोटं म्हटलं, तर तिला राग येणारच. तो आलाही.

"काका, माझा हिशेब पक्का आहे," ती डंभारेजींसमोर स्टूल ओढून बसली. "चुकलंय काय, ते तरी सांगा."

"बावीस डिसेंबरले तुझा सूर्य बरोबर होता, माय. सहा त्रेचाळीस. तिथून तो रोज लवकर उठून राहिला. कोणी सांगितलं त्याले?"

"बावीस डिसेंबर सगळ्यात लहान दिवस. पुढे दिवस वाढतो. म्हणजे सूर्य लवकर उगवणार आणि उशिरा मावळणार."

"वाढते ना. पण आधी संध्याकाळच्या अंगानं वाढते. सकाळ संक्रांतीपर्यंत उशिराच होत जाते. आज दहा जानेवारी. सहा पन्नासच्या आधी सूर्य निघतच नाही."

सुजाताला हसू आलं, आणि कीवही. बिचाऱ्यांचं डोकं खरंच चालेनासं झालं, असं तिच्या मनात आलं. डंभारेजींनी एकतीस वर्षं हवामान वेधशाळेत काढली होती. तिथे काचेचा एक भरीव गोळा असे. त्यातून जाणारं ऊन मागच्या पुठ्ठ्यावर जळकी रेघ ओढे आणि रेघेच्या लांबीवरून दिवसभरात किती ऊन पडलं ते कळे. उन्हाळ्याचा पुठ्ठा लांब, हिवाळ्याचा आखूड, मधल्या दिवसांचा सरळ. पहाटे कुंपणाशी उभं राहून सूर्य डोळ्यांनी बघायचा, वहीत वेळ मांडायची आणि मगच चहा, ही त्यांची स्वतःची खोड. वह्या मुलाने घर आवरताना रद्दीत घातल्या होत्या.

त्यांची समजूत घालायला दुसऱ्या दिवशी सुजाता त्यांना लिफ्टने वर घेऊन गेली. परवानगीसाठी तीन सह्या लागल्या. कानटोपी, शाल आणि दोन स्वेटर असा जामानिमा करून डंभारेजी जमिनीवरच्या कचेरीच्या गच्चीच्या कठड्याला टेकले. पूर्वेला वीजकेंद्राच्या चिमण्या आणि त्यांच्यामागे मोकळं माळरान.

सहा एक्केचाळीस. क्षितिजावर नुसती लाली होती. खाली छतावर सूर्य आला असणार, आणि इथे त्याचा पत्ता नव्हता. सहा पंचेचाळीस. तिने घड्याळ कानाशी नेलं, मग स्वतःलाच हसली, कारण ते टिकटिकणारं घड्याळ नव्हतंच. सहा पन्नासला चिमण्यांच्या उजवीकडे लाल कड दिसली.

डंभारेजी डोळे मिचकावत बघत राहिले.

"कसं काय हे?" तिने विचारलं. तिचे कान तापले होते.

"तू दुपार कुठं धरली?"

"बारा अकराला. बावीस डिसेंबरची काढली होती. मग रोजच्या दिवसाची लांबी तिच्या दोन्हीकडे निम्मी निम्मी वाटून टाकली."

"तिथंच घोडं अडलं. घड्याळाची दुपार हलत नाही, सूर्याची हलते. या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळून जाते, म्हणून जोरात पळते. त्यात तिचा आस कललेला. घड्याळाचे चोवीस तास झाले तरी सूर्य डोक्यावर यायले आणखी अर्धा मिनिट फिरा लागते. रोज अर्धा मिनिट. वीस दिवसांचे किती झाले?"

नऊ किंवा दहा. सुजाताने मान खाली घातली.

"चाल, आता चहा पाज," ते म्हणाले.

त्याच दिवशी तिने वेळापत्रक दुरुस्त केलं आणि डॉक्टर बुटल्यांपुढे चूक कबूल केली. डॉक्टर भले गृहस्थ, त्यांनी डंभारेजींच्या आठही फुल्या खोडल्या. तिला इतकं हलकं वाटलं की ती जिन्याने धावत खाली आली.

मग ती मागचे महिने तपासायला बसली. नोव्हेंबरच्या अखेरीला बाहेर सूर्य पाच बत्तीसला मावळत होता. तिच्या छतावर तो पाच त्रेचाळीसपर्यंत होता. अकरा मिनिटं.

तिला अनसूयाबाई आठवल्या. चाळीस वर्षं उघड्यावर भाजी विकलेली बाई. रोज संध्याकाळी त्या पलंगावरच्या चादरीची घडी घालत, पिशवी उचलत आणि दाराशी उभ्या राहत. "सूर्य बुडाला, दुकान उचला," म्हणत. छतावर मात्र लख्ख ऊन असे. घरून येऊन त्यांना तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते. बाहेरचा दिवस अजून अंगात होता, आणि त्याच्याच फुल्या त्यांच्या तक्त्यात पडल्या होत्या.

ती डॉक्टरांकडे परत गेली.

"अकरा मिनिटांवरून काय ठरतं?" ते म्हणाले. "बाईंचं इतरही काही बिघडलेलं असेल."

"असेल. पण तुमच्या कागदावर तेवढंच लिहिलंय, डॉक्टर."

डॉक्टरांनी अनसूयाबाईंचा कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी शांत कक्षाची किल्ली आणि पुन्हा तपासायला कोरा तक्ता काढून दिला.

आत अनसूयाबाई भिंतीशी बसल्या होत्या. चादर नीट अंथरलेली, पिशवी खुंटीला. महिनाभराच्या औषधांनी चेहरा सुजला होता. सुजाता त्यांच्याजवळ बसली. तिला रडू येत होतं, ते तिने आवरलं. वर दुरुस्त केलेलं आभाळ हळूहळू तांबूस होत होतं.

"मावशी, दिवस बघून सांगा बरं, आत्ता किती वाजले असतील?"

अनसूयाबाईंनी वर पाहिलंच नाही. त्यांनी सुजाताच्या हातातल्या तक्त्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि चाचरत विचारलं, "किती वाजले पाहिजेत, माय?"