सोळावी खुंटी

जुन्या इमारतींच्या रंगाचे थर एकेक करून काढायचे आणि तिथे कोण कोण राहून गेलं ते सांगायचं, हा माझा धंदा. आईच्या भाषेत, 'पोरगी सिंगापूरला जाऊन पोपडे काढते.'

२०१४च्या जूनमध्ये मला टेकडीवरची जर्मन बरॅक मिळाली. बांधली ब्रिटिशांनी, पण पहिल्या महायुद्धात तिथे जर्मन कैदी ठेवले होते, म्हणून नाव तेच चिकटलं. त्यांच्यानंतर जपानी आले, मग नॅशनल सर्व्हिसची, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेतली मुलं, मग एक फर्निचरवाला. आता तिथे बालवाडी होणार होती. हे माझं सिंगापूरमधलं शेवटचं काम. नवरा रुचिर आणि लेक आर्या पुढे पुण्याला गेले होते. शुक्रवारी संध्याकाळी माझं विमान, शनिवारी आर्याचा आठवा वाढदिवस. "तू आल्याशिवाय केक कापणार नाही," असा तिने दम दिला होता.

मधल्या खोलीत कैद्यांनी ठोकलेली सागवानी फळी होती, तिला सोळा पितळी खुंट्या. सोमवारी मी सोळाव्या खुंटीखालचा पिवळा रंग काढला. आत हिरवा थर, नॅशनल सर्व्हिसचा. त्यावर खिळ्याने कोरलं होतं, 'बॅक सून लाह'. तोच तो अस्सल सिंगापुरी 'लाह'. मला हसूच फुटलं.

मंगळवारी करड्या थरात जपानी अक्षरं निघाली. साठीतले चिनी वॉचमन कोह अंकल चष्मा पुसत आले आणि चिनीतही तीच असलेली दोन अक्षरं त्यांनी लावली. "धिस वन 'गो'. धिस वन 'कम'."

जाऊन येतो! मी टाळीच वाजवली. अगदी आपल्यासारखं, निघताना 'जातो' म्हणायचं नाही. बुधवारी पांढऱ्या थरात जर्मन ओळ सापडली, तिचा अर्थही तोच, 'मी परत येतो'. तीन फौजा, तीन भाषा, खुंटी एक आणि निरोपही एकच. असं घबाड जन्मात एकदा हाती लागतं. आनंदाने मला जेवण सुचेना.

एकच गोष्ट खटकत होती. बॅग मी रोज दाराजवळच्या पहिल्या खुंटीवर अडकवायचे. चहा घेऊन परतले की ती सोळावीवर असायची.

गुरुवारी अंकलना विचारलं. त्यांनी आधी खोलीकडे पाहिलं, मग मला व्हरांड्यात नेलं. 'बॅक सून' लिहिणारा मुलगा त्यांच्याच तुकडीतला होता. शनिवारी सुट्टीवर घरी निघाला. सोमवारी त्याची आई गेटवर आली, म्हणाली, मुलगा पोचलाच नाही.

"बट हिज कॅप," अंकल म्हणाले, "एव्हरी मॉर्निंग ऑन द हुक. वेट विथ स्वेट." मग मला बजावलं, "यू फिनिश, से बाय, गो. डोन्ट टेल द रूम यू कमिंग बॅक. कॅन?"

"कॅन, अंकल," मी म्हटलं.

शुक्रवारी पांढऱ्या थराखालचं कोरं लाकूड उघडं केलं. पेन्सिलीने लिहिलेला एकच शब्द होता. देवनागरीत.

आलेच.

मी नाचायचीच बाकी होते. मराठी! कैद्यांवर पहाऱ्याला असलेला कुणी मराठी शिपाई असणार. कोण 'आलेच'? साहेब आलेच, नाहीतर शत्रू आलेच. अहवालात मी तसं ठोकूनही दिलं. 'च'ची शेपटी लांबलचक होती, माझी असते तशी. त्या शेपटीपायी मी शाळेत बाईंच्या छड्या खाल्ल्यात.

चार वाजता आवरलं. दारात उभी राहून, जन्मात कधी निघताना न उच्चारलेला शब्द मुद्दाम मोठ्याने म्हटला, "जाते." जीभ अडखळली.

गेटपाशी टॅक्सी आली होती. तेवढ्यात आर्याचा फोन.

"आई, निघालीस? कम फास्ट लाह!"

"निघाले गं राणी."

अंकलनी माझ्या रिकाम्या खांद्याकडे बोट दाखवलं. "युअर बॅग?"

पासपोर्ट बॅगेत होता. मी गर्रकन वळले, बरॅककडे धावत सुटले आणि फोनमध्ये ओरडले, "बॅग राहिली गं. एक मिनिट, आलेच!"

काय बोलून गेले, ते उंबऱ्यात पाय पडल्यावर कळलं.

खोलीत ताज्या सागाचा वास येत होता.

फळीवर रंगाचा एकही थर नव्हता. अक्षर नव्हतं. सोळाव्या खुंटीवर फक्त माझी बॅग होती.

मागे वळून पाहिलं. गेट नव्हतं. टॅक्सी नव्हती. अंकल नव्हते.

"आई? हॅलो? आई?" आर्या फार लांबून विचारत होती. मी जीव तोडून ओ दिली. तिला ती ऐकू गेली नाही. मग फोन बंद पडला.

तिच्यासाठी निरोप तरी ठेवायला हवा होता. मी बॅगेतून पेन्सिल काढली आणि कोऱ्या फळीवर लिहिलं.

'च'ची शेपटी लांबच आली.