आषाढातलं लुगडं

मद्रासच्या जॉर्ज टाउनमधल्या गुप्तहेर राघोत्तमच्या कचेरीत हंबीरराव खुर्चीवर बसले नाहीत, कोसळले.

“मंडळात चोरी झाली!”

“तिजोरी फोडली?” विजयकुमारनं आशेनं विचारलं.

“कविता गेली.”

विजयकुमारचं तोंड उतरलं. गेल्या पोंगलला साताऱ्याहून मद्रासला येऊन तो राघोत्तमचा मदतनीस झाला, तेव्हापासून एखाद्या बऱ्याशा खुनाची वाट पाहत होता.

हंबीरराव शहराबाहेर आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात नोकरी करत आणि मराठी मंडळाची चिटणिशी हौसेनं ओढत. मंडळ दर जूनमध्ये ‘वर्षाची कविता’ निवडी. १९८४ ची निवडली खरी, पण ती दोघांकडून आली होती. एक प्रत विशालाक्षी अक्कांची, तंजावरी मराठीत, पण तमिळ अक्षरांत. दुसरी बँकेतल्या वसंतरावांची, स्वच्छ देवनागरीत.

“संध्याकाळी वाचन आहे. समिती म्हणते, अक्कांनीच चोरली. साठी उलटलेल्या बाईला भर सभेत चोर म्हणायचं?”

“अक्कांची वाचा पाहू,” राघोत्तम म्हणाला.

हंबीररावांनी वाचली:

*आषाढ आला, वारा सुटला, आई आली न्यायाला,*
*गच्चीवरचें लुगडें माझें लागलें उडून जायाला.*
*‘डोळे का गे लाल?’ पुसलें त्यांणीं दारामध्यें,*
*‘धूळ गेली,’ म्हणालें मी, अन् लागलें हसूं यायाला.*

“वसंतरावांची भाषा पुण्याची. बाकी सगळं हेच. फक्त ‘वारा सुटला’च्या जागी ‘सरी कोसळल्या’.”

“हे जास्त काव्यमय आहे,” विजयकुमार म्हणाला.

राघोत्तमनं त्याच्याकडे इतक्या प्रेमानं पाहिलं, की त्याला संशय आला.

दोघे कवी मद्रासच्या मांबळम भागात एकाच घरात राहत. खाली वसंतराव, वर अक्का. अक्का गच्चीवर मोगऱ्याचा गजरा ओवत होत्या.

“लग्न होऊन वर्ष झालें नव्हतें. आषाढांत नव्या नवरीस माहेरीं नेतात की, तसें मला नेलें. यजमान गेले, आतां ओळी तेवढ्या राहिल्या. फुलें ओवतां ओवतां म्हणतें. मोठ्यानें म्हणावें लागतें, नाहीं तर विसरतें.”

“वसंतरावांची प्रत पाहिलीत?”

“अय्यो, मला ती अक्षरें कुठें येतात? चोर म्हणाले मला, राघोत्तमा. कविता न्या हवी तर. नांव खराब करूं नका.”

खाली वसंतरावांनी कॉफी पुढे केली आणि उत्तर तयारच ठेवलं होतं. “जानेवारीत बदलून आलो मी. तमिळचं एक अक्षर वाचता येत नाही. चोरणार कसा?”

“फिरायला जाता का?”

“छे, रहदारी फार. रोज सकाळी गच्चीवरच फेऱ्या मारतो.”

“आषाढातला पाऊस सुरेख उतरलाय.”

“डोळ्यांसमोर दिसतो हो मला!” वसंतराव खुलले.

रस्त्यावर येताच विजयकुमार कुजबुजला, “दोन्ही लिप्या येतात त्या हंबीररावांना. त्यांनीच प्रत पुरवली असणार.”

“हंबीररावांचं घराणं चार पिढ्या तंजावरचं आहे, विजय.”

“त्यानं काय झालं?”

“संध्याकाळी सांगतो. तोवर एवढंच सांग, पावसात लुगडं वाळत घालशील?”

“मी लुगडं नेसत नाही,” विजयकुमार दुखावल्या सुरात म्हणाला.

संध्याकाळी सभागृह भरण्याआधी राघोत्तमनं सगळ्यांना मागच्या खोलीत बसवलं.

“वसंतराव, तुमच्या आषाढात सरी कोसळतात. मग लुगडं गच्चीवर वाळतं कसं? उडतं कसं? आणि भर पावसात बाईच्या डोळ्यांत धूळ कुठून येते?”

वसंतराव आपली प्रत पुन्हा उघडून पाहू लागले.

“कविता उभी आहे ती वाऱ्यावर. रडू लपवायला तिला धूळ हवी. सरी मागाहून लावलेलं ठिगळ आहे. आता ठिगळ कुणी लावलं? आपल्या मद्रासकडे आषाढात वारा पिसाटतो, पाऊस खरा येतो दिवाळीच्या सुमारास. हे हंबीररावांना जन्मापासून ठाऊक. आषाढ म्हणजे कोसळता पाऊस, असं वाटणार ते पुण्याहून आलेल्या आणि इथला एकही आषाढ न पाहिलेल्या माणसाला.”

“किंवा साताऱ्याहून,” विजयकुमार पुटपुटला.

“तू गच्चीवर फेऱ्या मारत नाहीस. तमिळ वाचता येत नाही, हे वसंतराव खरं बोलले. पण अक्का मोठ्यानं मराठी म्हणतात. त्याला कान पुरतात.”

वसंतरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “पुण्यात तीन वेळा कविता परत आल्या माझ्या. ही ऐकली आणि... वाटलं, तमिळ अक्षरातलं कोण वाचतंय. चुकलो, अक्का.”

“चुकलांत,” अक्का म्हणाल्या. “माझ्या नवऱ्यास भिजवलेंत वर! उद्यां सकाळीं वर या. तुमच्या स्वतःच्या ओळी म्हणा, मी ऐकतें. आमच्याकडच्या पावसाच्या.”

समितीचे लोक खाली पाहत बाहेर गेले. हंबीरराव माइकपाशी पोचले आणि वळून म्हणाले, “अक्का, कैलासवासी कृष्णाजींच्या पत्नी, असं सांगू?”

“कविता त्यांस दिली की. नांव माझें सांग. मोठ्यानें.”

हंबीररावांनी “विशालाक्षी!” असं काही सांगितलं, की कर्ण्यानं शीळ घातली.