देवराईतलं सोनं

हे शंभर टक्के खरं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझी मावसबहीण स्वानंदीपण हसलीच होती.

मागच्या दसऱ्याचा आदला दिवस. भर दुपार. गुरुग्रामच्या पुढे अरवलीत एक देवराई आहे, तिथे झाडं ओळखायची ट्रिप होती. स्वानंदी आणि तिचे बाबा, आमचे विष्णूकाका, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून गेले होते.

वाटेत गावातल्या एक आजी म्हणाल्या, "बेटा, यहाँ से पत्ता भी नहीं ले जाते."

"पानं मोजायला कोण बसलंय इथे?" स्वानंदीनं नाक मुरडलं. "काय अडाणी लोक आहेत यार!"

बाबा खो खो हसले.

पुढे तिला आपटा दिसला. खराखुरा आपटा! दिल्लीत आपण कचनारची पानंच सोनं म्हणून वाटतो ना? हिनं ओंजळभर ओरबाडली.

आणि मोर ओरडायचे थांबले...

एकदम. सगळेच.

मग मागून... खस्स... खस्स...

वाळक्या पानांवर अनवाणी पाय पडावा तसं. ती थांबली. आवाजही थांबला. तिनं वळून पाहिलं...

कुणी नव्हतं.

"माकड असेल," ती फिस्कारली.

एकही माकड दिसत नव्हतं.

दसऱ्याला तिनं ऐटीत सगळी पानं बाबांच्या हातात दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!"

दोन दिवसांनी बाबा स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होते. "स्वानू, सारखी माझ्या मागे मागे काय चालतेस गं?"

ती समोर सोफ्यावर बसली होती.

खस्स...

नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

तिचा सगळा तोरा उतरला. "बाबा, ती पानं द्या. आत्ताच्या आत्ता परत ठेवून येऊ. प्लीज!"

"अच्छा? तूपण अडाणी झालीस?" बाबांनी अगदी तिच्यासारखंच नाक मुरडलं. "आणि आहेत कुठे पानं? सगळी वाटली मी. अर्धी ऑफिसात, अर्धी नातेवाइकांत. खरा आपटा बघून लोक काय खूश झाले!"

स्वानंदी रडायलाच लागली.

काका अजूनही म्हणतात, काही नाही, सगळे मनाचे खेळ. पण घरात टीव्ही सारखा मोठ्यानं लावून ठेवतात. एकटे असले की जास्तच.

दसऱ्याला ते आमच्याकडेही आले होते. माझ्या हातावर सोनं ठेवून गेले.

ते पान माझ्या टेबलावर आहे. इतके महिने झाले...

अजून हिरवंगार आहे.