जट सुटेपर्यंत

ढाणकीच्या बाजारात मुंगीला शिरायला जागा नसायची, पण मला कधी कोणाचा धक्का लागत नसे. मी दिसले की बाया पोरं बाजूला ओढत, वाट करून देत. एखादी पायाशी कुंकू वाहून जाई. माझ्या डोक्यावर जट होती ना... देवीची! मिरच्यांच्या ढिगापर्यंत मी राणीसारखी जायची आणि एकटीच परत यायची.

त्या दिवशी मात्र कोणीतरी धाडकन आदळलं. डोक्यावर शिलाई मशीन घेतलेला एक तरणा गडी.

"दिसत नाही काय वो बाई? मशीन पडली असती ना!"

हळदवाली ओरडली, "अरे, देवीच्या बाईले धक्का मारतं!"

"देवी असन तर देवीनंच बाजूनं चालावं. मले मशीनखालून कुठं दिसते?"

मग त्याने पाहिलं... जटेकडे नाही, माझ्याकडे. मला चक्क हसू फुटलं. खांदा ठणकत होता, आणि घरी येईपर्यंत मला त्या ठणक्याचंच अप्रूप वाटत राहिलं.

लहानपणी मला मुदतीचा ताप आला होता. अंथरुणात केसांचा गुंता झाला, आणि धुरपता आत्या म्हणाली, देवी आली. झालं! फणी गेली, मैत्रिणी गेल्या, मोठी झाल्यावर सोयरीकही कोणी आणेना. देवीच्या बाईला कोण मागणार?

मग गेल्या दसऱ्याला बाबा नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. घरातले देव आम्ही पैनगंगेत सोडले.

"घरातले देव गेले, पोरीच्या डोक्शावरचा राह्यला," बाबा म्हणाले. "वैशाख पुनवेच्या आत हे काढाचं."

पण काढायचं कोणी? आईने कात्रीला हात लावला नाही. आत्या जवळ येईना. बाबांनी स्वतः कात्री उचलली आणि गुपचूप खाली ठेवली. भीती काही देवांबरोबर नदीत सोडता येत नाही.

शेवटी बाबांनी बाजारात मला धडकलेल्या त्या मशीनवाल्या शिंप्यालाच बोलावलं. भीमराज त्याचं नाव. पुसदहून येऊन आमच्याच वस्तीत राहिला होता, आमच्यासारखाच नवा बौद्ध.

"दोन मिनटाचं काम," माझ्या पाठीमागे तो म्हणाला.

मी दोन्ही हात डोक्यावर धरले. "नका कापू... सोडवून पाहा."

"काहून वो? देवीचं भेव वाटते?"

"नाही. पण सोडवा."

खरं कारण मी गिळलं. कापली की हा जाणार होता. आणि इतक्या वर्षांत माझ्या डोक्याला कोणाचा हात लागला नव्हता, आईचासुद्धा नाही.

तो रोज संध्याकाळी येऊ लागला. जवसाचं तेल, बोथट दाभण, आणि समोर आई तुरीतले खडे वेचत बसलेली.

"लागलं काय?"

"नाही." खूप लागत होतं.

"काय काय आहे वो तुह्या जटेत! काडी, कापूस... इथं तर बाजारच भरते."

"मंग दुकान लावा."

"लावलंच आहे ना!"

आई खाकरली. मी मान खाली घातली, पण कान गरम झाले होते.

कपाळावरची एक बट सुटली. भाकरी थापतानाही ती गालावर यायची आणि मी पिठाच्या हाताने ती मागे सारायची, मुद्दाम.

पुनव तोंडावर आली. त्या संध्याकाळी त्याने दाभण हातातच घेतला नाही.

"सत्यभामा, मागची नाही सुटत. मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

त्याने तेलाची वाटी बाजूला सारली. "सांगतलं असतं तर कापा लागली असती... मंग मी कोणत्या निमित्तानं आलो असतो?"

मला हसावं की रडावं कळेना. दोघंही एकाच निमित्ताला तेल लावत बसलो होतो!

"कापून टाका," मी म्हटलं. "पण बोडकी झाल्यावर मले..."

"तुले पाह्यलं तवा केस कुठं पाह्यले होते म्या? बाबाले विचारू काय?"

"आधी कात्री चालवा."

आईचा सुपातला हात थांबला. कात्री करकरली. जट मातीत पडली आणि मान एकदम इतकी हलकी झाली की मी पुढे झुकले. मग डोक्यावर तळहात टेकला. भीमराजचा नव्हता तो. आई उठून आली होती, आणि माझ्या भुंड्या डोक्यावरून हात फिरवत हमसून रडत होती.

पुढच्या बाजाराला मी डोक्यावर पदर घेऊन गेले. टोपली घेतलेल्या एका बाईने मला कोपराने ढकललं. "सरक ना वो, वाटेत कायले उभी राह्यली!"

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून आणखी एक धक्का बसला, चांगला जोरात.

"दिसत नाही काय?" मी मागे न पाहताच म्हटलं.

"दिसते ना," भीमराज म्हणाला, "म्हणून तर मारला. बाबा हो म्हणले."