शाही फेझंटचे आईबाप

चिंचपोकळीच्या मंडळात गणपतीच्या दर्शनाची रांग छान सरकत होती... आणि हा चष्मेवाला मधेच अडून राहिला. मागची माणसं कावली, तरी देखाव्यातल्या निळ्या पक्ष्यावरून याची नजर हटेना.

“ही वेगळी जातच नाही,” तो म्हणाला.

लतिकाच्या डोक्यात तिडीक गेली. नामशेष होत चाललेल्या पक्ष्यांचा हा देखावा तिनं उभा केला होता. त्यातही व्हिएतनामचा शाही फेझंट तिच्या जिवाचा. त्याचं एकेक पीस तिनं कागदातून कातरून चिकटवलं होतं. आणि हा कोण उपटसुंभ?

हा प्रफुल्ल, गिरगावातला, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा. पूर्वी ती दुर्मीळ जात समजत, पण निघालं दोन निराळ्या जातींच्या फेझंटांचं मिश्र पिल्लू, असं त्यानं शांतपणे सांगितलं. नेमकं ते मंडळाच्या गुणाजीकाकांनी ऐकलं. परवा परीक्षक येणार, चुकीचा पक्षी नको, उतरव म्हणाले. लतिकानं प्रफुल्लकडे असं पाहिलं की तो रांगेतून निमूट पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा हजर. सोबत दोन फोटो – एक चंदेरी फेझंट, एक निळा. हे आईबाप शेजारी बसवले तर पक्षी राहू शकतो, हे त्यानं काकांना पटवलंसुद्धा. लतिकाला कुणी विचारलंच नाही. ती आणखी भडकली आणि तिनं त्याच्या हातात कात्री कोंबली.

त्याला धड कापता येईना. ती खेकसायची, तो हसायचा. तिच्या गालाला लागलेला डिंक पुसायला त्याचा हात उठला... आणि अर्ध्यातच थांबला. थांबला याचाच तिला जास्त राग आला.

“वेगळी जात नाही म्हणजे काय रे? पक्षीच नव्हता काय तो?”

“चुकलो. तो होता. लोकांनी पाहिलाय त्याला.” तो अडखळला. “आणि... फोटो मी काकांच्या मोबाइलवरही पाठवू शकलो असतो.”

तिची कानशिलं तापली. या वेळी रागानं नव्हे, पण आठी तिनं तशीच ठेवली.

“संध्याकाळी आई येणारे बघायला. पक्षी उतरवायची वेळ आणणारा तो तूच, हे सांगू नको. ती माझ्याहून तापट आहे.”

“मग कोण म्हणून सांगू?”

त्यानं उलटी चिकटवलेली चंदेरी शेपटी लतिकानं हिसकावून घेतली.

“माझा म्हणून सांग.”